बोहरी आळी आणि तपकीर गल्ली, पुणे: घरगुती शूटिंग किट बनवायचंय तर इथेच जा

कॉलेजात आमचा शॉर्टफिल्म करणाऱ्यांचा ग्रुप सुरू झाला तेव्हा सगळ्यांचं म्हणणं एकच, सामान भाड्याने आणू. पुण्यात भाड्याने सगळं मिळतं पण भाडं दिवसाचं असतं आणि शिकायला महिने लागतात, सकाळी सामान आणायचं, संध्याकाळी परत द्यायचं, मधल्या वेळात लाईट कुठे ठेवायचा यावरच भांडण. म्हणून ठरवलं की मोबाईल आहे तोच कॅमेरा आणि बाकी सगळं हाताने बनवायचं. तर हा रिव्ह्यू एका दुकानाचा नाहीये, रविवार पेठेतली बोहरी आळी आणि बुधवार पेठेतली तपकीर गल्ली या दोन्हींचा मिळून आहे, एकीकडून दुसरीकडे चालतच जाता येतं.

आधी बोल्टचं सांगतो कारण सगळं त्यावर उभं आहे. कॅमेरा, मोबाईलचा क्लॅम्प, बहुतेक ठिकाणी खालचं भोक पाव इंची असतं, इंचाला २० आटे. बोहरी आळीत "कॅमेऱ्याचा स्क्रू आहे का" विचारलंत तर नाही म्हणतील, "दोन सुती बोल्ट, इंची आट्याचा" म्हणालात (दोन सूत म्हणजे पाव इंच) की लगेच ड्रॉवर उघडतो, वर वायसर आणि विंग नट पण काढून देतात. एम सिक्सचा बोल्ट चुकूनही घेऊ नका, जाडीला जवळपास तेवढाच दिसतो पण आटे वेगळे, जोर करून फिरवला की क्लॅम्पचे आटे गेले. क्लॅम्प खिशात घेऊन जा आणि दुकानातच फिरवून बघा, कोणी काही म्हणत नाही.

आणि इथली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तुम्ही वस्तूचं नाव न सांगता काम सांगितलं तरी चालतं. आम्ही एका काकांना म्हणालो खांद्यावर मोबाईल ठेवून चालायचंय आणि हलला नाही पाहिजे, तर त्यांनी स्वतःच पाऊण इंची पीव्हीसी पाइप, एल्बो, टी काउंटरवर मांडून जोडून दाखवलं आणि वर सांगितलं की सॉल्व्हंट आत्ता लावू नका, नुसतं दाबून बसवा, जो पोरगा कॅमेरा धरणार त्याच्या खांद्याच्या मापाने पाइप कापा, मग चिकटवा. एकदम बरोबर सल्ला. त्यात आमची भर एवढीच की रिग, म्हणजे हा खांद्यावरचा सांगाडा, फार हलका असला तर उलट जास्त थरथरतो, म्हणून मागच्या पाइपात वाळू भरून एंड कॅप लावली, आता वजन मागे खेचतं आणि पुढचा मोबाईल शांत राहतो. एक-दोन नगही देतात हे विशेष, कारण बाजार तसा होलसेलचा आहे.

बूमसाठी, म्हणजे बोलणाऱ्याच्या जवळ माईक धरायच्या लांब काठीसाठी, रंगाऱ्यांचा रोलरचा लांब होणारा दांडा घ्या. हलका असतो, लांबी हवी तेवढी करता येते आणि खऱ्या बूम पोलच्या मानाने खूपच स्वस्त. फक्त तो आतून पोकळ, त्यामुळे हात जरा सरकला की खरखर थेट माईकमध्ये येते, म्हणून माईक दांड्याला बांधायचा नाही, जाड पाइपाची एक रिंग कापून त्यात रबरबँड ताणायचे आणि त्यावर माईक टांगायचा. डॉलीला, म्हणजे कॅमेरा सरकवायच्या गाड्याला, ६०८ नंबरचे बेअरिंग मागा (आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरून २२), स्केटच्या चाकात असतात तेच. ॲल्युमिनियमच्या काटकोनी अँगलला दोन्ही बाजूंनी लावले की पाइपाच्या रुळावर मस्त बसतात, वर प्लायवूडचा तुकडा, झालं.

आणि कंदील! दिवाळीच्या आधी याच भागात आकाशकंदिलांचे ढीग लागलेले असतात, त्यातला साधा पांढरा गोल कागदी कंदील उचला. सेटवर चायना बॉल म्हणून जो वापरतात ना तेच काम करतो, आत एलईडी बल्ब सोडला की चेहऱ्यावर इतका मऊ उजेड पडतो की घरातला रात्रीचा सीन त्या एका कंदिलावर निघतो. बल्ब कागदाला टेकू देऊ नका, एलईडी कमी तापतो पण तापतो.

आता तपकीर गल्ली. इथून बल्ब, होल्डर, वायर. आमचा मुख्य लाईट म्हणजे एक फळी आणि तिच्यावर चार बॅटन होल्डर, पुढे ट्रेसिंग पेपर, उजेड परत फिरवायला टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल. बल्ब घेताना सगळे फक्त वॉट विचारतात, तुम्ही सीआरआय विचारा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. साधे बल्ब ८० च्या आसपास असतात आणि त्यात सावळी त्वचा मेलेली, हिरवट दिसते, नंतर एडिटिंगमध्ये कितीही खेचा ती परत येत नाही. खोक्यावर ९० किंवा जास्त लिहिलेलं बघूनच घ्या, दोन दुकानं जास्त फिरावी लागली तरी फिरा. सगळे बल्ब एकाच रंगाचे घ्या, ६५०० केल्विन तर सगळे ६५००, एक पिवळट एक निळसर नको.

दुसरं म्हणजे फ्लिकर. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, डोळ्याला कळत नाही पण व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात. उपाय फुकट आहे, सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. मोबाईलचा स्वतःचा कॅमेरा हे धड करू देत नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेराचं फुकट ॲप घ्या, त्यात सगळं हाताने लावता येतं. बल्ब घेतानाच दुकानात पेटवून मोबाईलमधून बघायची सवय लावा, तपकीर गल्लीत बल्ब लावून दाखवतातच.

वायरिंग मात्र ज्याला येतं त्यालाच करू द्या, प्लीज. फळीवर धातूचं काही असेल तर तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग हवंच, आणि उघडे जोड चिकटपट्टीने झाकून शूटिंगला नेऊ नका, सेटवर अंधारात दहा पोरं वायरी ओलांडत असतात.

एका बाबतीत मी घरगुतीच्या विरोधात आहे, माईक. पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत कंडेन्सर माईकची कॅप्सूल अगदी थोड्या पैशात मिळते, शिल्डेड वायर, जॅक सगळं मिळतं, आणि जोडण्यात मजा येते, शिकायला जरूर जोडा. पण फिल्मसाठी तयार वायरवाला कॉलर माईक विकत घ्या. उजेड कमी पडला तर लोक मूड समजून घेतात, डायलॉग ऐकू आला नाही तर उठून जातात. ग्रुपची वर्गणी कमी असेल तर बाकी सगळ्यात काटकसर करा, इथे नको.

गैरसोयी आहेतच. पार्किंगचा विचारच करू नका, मेट्रोने मंडईला उतरा आणि चाला, पण लांब पाइप न्यायचा असेल तर दुकानातच कापून घ्या. कापलेला पाइप परत घेत नाहीत, ते बरोबरच आहे. दुपारी काही दुकानं बंद असतात आणि संध्याकाळच्या गर्दीत एका बोल्टसाठी कोणी बोलत बसत नाही, सकाळी दुकानं उघडल्या उघडल्या गेलात तर हेच लोक अर्धा तास समजावून सांगतात. भाव दोन-तीन ठिकाणी विचारा, फरक पडतो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. दिवाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत मात्र फक्त कंदील घेऊन या, पाइप-बोल्टची खरेदी नंतर.