डिजिटल सातबारा सेवा: उतारा लगेच, दुरुस्ती रखडत

सातबारा नुसता पाहायचा असेल तर एक संकेतस्थळ, आणि कामाला लावायचा असेल तर दुसरं. ‘महाभूलेख’वर विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडून गट क्रमांक टाकला की उतारा फुकट दिसतो, पण तो माहितीपुरता. त्यावर सही नसते, त्यामुळे बँकेत किंवा सोसायटीत चालत नाही. सहीचा हवा असेल तर महाभूमीच्या ‘डिजिटल सातबारा’वर मोबाइल आणि ओटीपीने लॉगिन करायचं, खात्यात पैसे भरायचे आणि १५ रुपयांत पीडीएफ उतरवून घ्यायची. ८अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) हेही तिथेच मिळतात. या उताऱ्याला तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नाही. कोणी अडवलं तर उताऱ्यावरचा १६ अंकी पडताळणी क्रमांक दाखवा. संकेतस्थळावर तो टाकला की तोच उतारा समोर येतो. जमीन घेणाऱ्याने व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर विसंबू नये, हा क्रमांक स्वतः टाकून बघावा. पीडीएफमधलं नाव बदलायला फार अक्कल लागत नाही.

उतारा काढण्याचं हे काम चोख आहे. अडचणी ठरलेल्या आहेत. पैसे कापले गेले पण शिल्लक वाढली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. पेमेंटचा पीआरएन क्रमांक जपून ठेवा आणि ‘पेमेंट स्टेटस’मध्ये तो टाकून तपासा. उतरवलेली फाइल ७२ तासच पुन्हा मिळते, नंतर परत १५ रुपये. गटाचे हिस्से पडले असतील तर नुसता मूळ क्रमांक टाकून थांबू नका, खालच्या यादीतून नेमका हिस्सा निवडा. ‘१२३’ आणि ‘१२३/२/अ’ हे दोन वेगळे उतारे आहेत.

पीडीएफ हाती आली की आधी मालकाचं नाव नाही, इतर हक्काचा रकाना वाचा. फेडलेल्या पीककर्जाचा बोजा बहुतेक वेळा इथेच लटकत राहतो, कारण बँकेने निरंक दाखला दिला म्हणून तो आपोआप उतरत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. सज्ञान झालेल्या वारसाच्या नावापुढचा अपाक (अज्ञान पालक कर्ता) शेरा आणि ए.कु.मॅ.ची (एकत्र कुटुंब मॅनेजर) नोंद यांचंही तेच. मग क्षेत्र बघा. ते हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहिलेलं असतं; एकर म्हणजे साधारण ४० आर. ०.४०.०० च्या जागी ०.०४.०० पडलं असेल तर एकराचे चार गुंठे झाले म्हणून समजा. शेवटी ‘प्रलंबित फेरफार’ची ओळ. तिथे क्रमांक दिसला तर त्या गटाचा व्यवहार तूर्त थांबवलेला बरा.

खरा त्रास दुरुस्तीत आहे. हस्तलिखित सातबारे संगणकात टाइप करताना झालेल्या चुका आता टापटीप छापून, डिजिटल सहीनिशी मिळतात. त्या काढायला महसूल संहितेचं कलम १५५ आहे आणि अर्ज ‘ई-हक्क’ प्रणालीतून घरबसल्या करता येतो. वारस नोंद, बोजा चढवणं-उतरवणं, मयताचं नाव कमी करणं हे अर्जही तिथेच. अर्ज भरणं अवघड नाही. पण तो तलाठ्याच्या लॉगिनला जातो आणि पुढची गती माणसांच्या हातात. फेरफार धरला की हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणीकरण. हे दिवस कायद्याने ठेवलेले आहेत, त्यात कुरकुर नको. वेळ वाया जातो तो त्याआधी, अपुऱ्या कागदांमुळे अर्ज त्रुटीत परत आला की. वारस नोंदीला मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं-पत्ते आणि प्रतिज्ञापत्र पहिल्याच वेळी जोडा; बहिणींची नावं वगळलीत तर हरकत येणारच. चूक दुरुस्तीसाठी जुना हस्तलिखित उतारा आणि ज्या फेरफाराने नोंद झाली त्याची नक्कल लागते. काही जिल्ह्यांचे हे जुने कागद ‘आपले अभिलेख’वर स्कॅन करून ठेवलेले आहेत, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज.

नोंदणीकृत खरेदीखताला वेगळा अर्ज लागत नाही, दुय्यम निबंधकांकडची माहिती थेट फेरफारासाठी जाते. पण दस्तात हिस्सा क्रमांक चुकला तर फेरफार तिथेच अडकतो आणि चूक दुरुस्ती दस्त करावा लागतो. सहीआधी दस्त आणि उतारा शेजारी ठेवून अंक जुळवा.

बाराचा भाग, म्हणजे पिकांची नोंद, ई-पीक पाहणीमुळे आता शेतकऱ्याकडे आला आहे. ॲप शेतातूनच फोटो मागतं, आणि रेंज नसलेल्या शिवारात ते छळतं. तरी हंगामाची मुदत चुकवू नका. रकाना कोरा राहिला तर हमीभाव खरेदीची नोंदणी आणि नुकसानभरपाई दोन्हीकडे अडतं.

उताऱ्याच्या सेवेला आम्ही पाचपैकी साडेचार देऊ, दुरुस्तीला जेमतेम दोन. अर्ज कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून आहे, हे अर्जदाराला दिवसांच्या आकड्यात दिसायला लागलं तर तिसरा गुण द्यायला हरकत नाही.