‘मागचं माणूस काढा की’ : दोन लग्नसराया जनरेटिव्ह फिल वापरल्यावर

लातूर जिल्ह्यातल्या औशात आमचा फोटो स्टुडिओ आहे, वडलांच्या काळापासूनचा. लग्नसराई उरकली की महिना दीड महिना माझ्याकडं नुसतं अल्बमचं काम असतंय, आणि त्या कामात गिऱ्हाईकाचं पहिलं वाक्य ठरलेलं, दादा ते मागचं माणूस काढा की. मागचं माणूस म्हणजे कोण तर अंतरपाट सरकायच्या वेळेला मोबाईल वर करून मधी घुसलेला नवरदेवाचा मित्र, नाहीतर लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचे जार, जंबो कूलर आणि त्याच्यासमोर झोपलेलं लेकरू. आधी हे काढायला एका फोटोला अर्धा पाऊण तास जायचा. आता एआयचं जनरेटिव्ह फिल आलंय, म्हणजे काढलेल्या जागी स्वतः नवीन चित्र बनवून भरणारं टूल, आणि मी ते दोन सिझन रोज वापरलंय, म्हणून जरा सविस्तर लिहायलोय, कारण आमच्या लाईनीतली पोरं एकतर ह्याला डोक्यावर घेतात नाहीतर हातच लावत नाहीत.

मी कॉम्प्युटरवर फोटोशॉपमधलं वापरतो आणि मोबाईलवर अजून दोन तीन अ‍ॅप ट्राय केलेत. खाली ज्या चुका सांगतोय त्या कुठल्या अ‍ॅपमधल्या ते नाव घेऊन सांगत नाही, कारण खोड सगळ्यांची सारखीच आहे, आणि ती कळली की कुठलंही टूल नीट वापरता येतंय.

आधी हे नवीन काय आहे ते सांगतो. फोटोशॉपमध्ये हिलिंग ब्रश 2002 ला आला आणि कंटेंट अवेअर फिल 2010 ला सीएस 5 मध्ये. ही जुनी टूलं त्याच फोटोतला आजूबाजूचा भाग उचलून भोकावर ठिगळ लावायची, म्हणून मंडपाच्या कापडावर एकच चुणी चार वेळा दिसायची आणि जाणकार माणूस लगेच बोट ठेवायचा. जनरेटिव्ह फिल 2023 च्या मे महिन्यात बीटामध्ये म्हणजे चाचणीच्या आवृत्तीत आलं आणि सप्टेंबरला सगळ्यांना मिळालं, हे ठिगळ लावत नाही, नवीन कापडच विणतंय. लाखो फोटो बघून शिकलेल्या अंदाजानं तिथं काय असायला पाहिजे ते चित्र बनवतंय. ते "असायला पाहिजे" आहे, "होतं" नाही, आणि माझा सगळा रिव्ह्यू ह्या एका फरकावर आहे बरं का.

आता चांगलं काय ते. मोकळी जागा भरायला ह्याच्यासारखं दुसरं काही नाही. मंडपाचं कापड, आभाळ, भिंत, लॉनचं गवत, चटई, फुलांची बॅकड्रॉप, ह्याच्यात ते एवढं बेमालूम काम करतंय की मलाच चार दिवसांनी सापडत नाही कुठं काय काढलं होतं. एक्सपांड पण तसंच, नवरा नवरीचा फोटो उभा काढलेला असतो आणि अल्बमला पाहिजे आडवा, मग क्रॉप टूलनं चौकट दोन्हीकडं ओढायची आणि बाजूचा मंडप ते स्वतः वाढवून देतंय. आधी अशा फोटोच्या दोन्ही बाजूला आम्ही धूसर फुलं लावायचो, ती आता गेली ते लई बरं झालं.

वापरायची पद्धत सांगतो, ह्यात नवीन पोरं चुकतात. जे काढायचंय त्याच्यापेक्षा सिलेक्शन जरा मोठं घ्यायचं आणि त्याची सावली आत आलीच पाहिजे. खुर्ची घेतली आणि सावली सोडली तर ते टूल विचार करतंय की सावली आहे म्हणजे काहीतरी वस्तू असणार, आणि तिथं दुसरी खुर्ची नाहीतर एखादी कुंडी आणून ठेवतंय. दुसरं म्हणजे सूचना लिहायच्या चौकटीत रिमूव्ह चेअर वगैरे लिहायचं नाही, चौकट रिकामी सोडून जनरेट दाबायचं, म्हणजे ते आजूबाजूचं बघून भरतंय. चेअर लिहिलं की कधीकधी चेअरच येतीय. तीन नमुने मिळतात, तिन्ही शंभर टक्क्याला झूम करून बघायचे. काम वेगळ्या लेअरवर म्हणजे वरच्या थरावर होतंय, खालचा फोटो तसाच राहतोय, म्हणून मास्कनं नको तेवढा थर झाकून पाहिजे तेवढंच ठेवता येतंय.

आणि साईजचं लक्षात ठेवा. सुरुवातीला हे टूल एका वेळी 1024 बाय 1024 पिक्सेलएवढंच चित्र बनवायचं आणि सिलेक्शन मोठं असलं की तेच ताणून बसवायचं. नंतर सुधारणा झाली पण मी अजून पण तुकडे पाडूनच भरतो. हिशोब बघा, आपलं अल्बमचं शीट 12 बाय 36 इंच, म्हणजे 300 डीपीआयला (एका इंचात 300 ठिपके) 3600 बाय 10800 पिक्सेल. स्क्रीनवर झकास दिसलेली भिंत एवढ्या मोठ्या प्रिंटला दुधाळ आणि मऊ दिसती आणि बाजूची खरी भिंत दाणेदार, मग जोड उघडा पडतो. छोटे तुकडे, आणि शेवटी वरून थोडा नॉईज म्हणजे बारीक दाणे टाकायचे, मग लॅबमधून येईपर्यंत काळजी नाही.

आता जिथं ते चुकतंय तिथं येतो. मागच्या वैशाखातलं लग्न, नवरीनं आत्याची पैठणी नेसली होती, पदरावर बांगडी मोर, म्हणजे गोल बांगडीच्या आत मोर असतोय तो. एका चांगल्या फोटोत पाहुण्याचा हात बरोबर पदरावर आला होता, मी हात काढला, पदर भरून आला, रंग तोच, चमक तीच, मला वाटलं जमलं. अल्बम बघताना नवरीची आत्या एका जागी थांबली आणि बोट ठेवून म्हणली, हा मोर आमचा नव्हं. जवळून बघितलं तर मोराची मान बरोबर होती पण पिसारा पानासारखा झाला होता आणि बांगडी अर्धीच. विणकर एकेक धागा मोजून जे करतोय ते अंदाजानं येत नाही. ते शीट मी माझ्या खर्चानं परत छापलं, ह्यावेळी पदराच्या दुसऱ्या टोकाचा खरा मोर क्लोन करून म्हणजे तसाच उचलून बसवला, दोन तास गेले पण मोर त्यांचा होता.

तसंच बीबी का मकबऱ्याचं. एका जोडप्याचा तिथला फोटो होता, मागची गर्दी काढली तर टूलनं भिंत पार ताजमहाल करून टाकली, सगळीकडं पांढराशुभ्र संगमरवर. आपल्या मकबऱ्याला संगमरवर घुमटाला आणि खालच्या भागाला, बाकी बराचसा चुन्याचा गिलावा, त्याला वयाचे डाग आहेत, त्यानंच तो मकबरा दिसतोय. टूलनं जगभरातले ताजचे फोटो जास्त बघितले असणार, आपले कमी. मला ह्याचं खरंच वाईट वाटलं. स्टेजवरचे बोर्ड पण असेच, चि. सौ. कां. च्या पुढची नावं भरायला लावली तर देवनागरीसारखं दिसणारं काहीतरी येतंय, वाचायला गेलं की एक अक्षर धड नाही. अक्षरं हातानं टाईप करूनच बसवायची. बोटं पण मोजून घ्या, आणि चेहऱ्याला सिलेक्शन अजिबात लावायचं नाही, तो दुसऱ्याच माणसाचा होऊन येतोय.

नेटचं पण सांगायला पाहिजे. हे काम आपल्या कॉम्प्युटरवर होत नाही, फोटोचा भाग कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून भरून येतो, त्यामुळं आमच्याकडं लाईट किंवा नेट गेलं की हात बांधून बसायचं. आणि दर जनरेटला आपल्या खात्यातलं क्रेडिट कटतंय, म्हणून किरकोळ वायर, डाग, कागदाचे कपटे ह्याला मी साधं रिमूव्ह टूल वापरतो, त्यात जनरेटिव्ह एआय बंद ठेवलं की काम आपल्याच मशीनवर होतंय. घरातल्या बायकांचे हळदीचे फोटो असले तर मी आधी विचारतो, ताई हे काम ऑनलाईन जाऊन होतंय, चालेल का. नको म्हणल्या तर जुन्या पद्धतीनं करतो.

मोबाईलवाल्यांसाठी थोडक्यात, गुगल फोटोजनं 2024 मध्ये मॅजिक एडिटर हे असंच एआयचं टूल पिक्सेल सोडून बाकी फोनला पण महिन्याला 10 सेव्हपर्यंत फुकट दिलं, सॅमसंगनं त्याच वर्षी एस 24 फोनबरोबर स्वतःचं टूल आणलं आणि ते एडिट केलेल्या फोटोवर कोपऱ्यात खूण टाकतंय, ती खूण मला आवडली. स्टेटसला टाकायला दोन्ही भरपूर झाले, अल्बमला नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. किल्लारी आमच्याच तालुक्यात. 30 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते, पहाटे चारच्या आत भूकंपात सगळं झालं. दगड मातीची माळवदाची घरं, वरचं मातीचं जड माळवदच अंगावर आलं. तिकडच्या माणसाकडं जुना फोटो असणं म्हणजे काय ते आम्हाला माहितीय, कित्येक घरात एक पण नाही.

ह्या दिवाळीआधी साठीतले एक मामा आले. ढिगाऱ्यातनं काढलेल्या पत्र्याच्या पेटीत सापडलेला आईचा फोटो, एकुलता एक. ओल लागून डावीकडचा भाग गेलेला, गालाची कडा, कान आणि खांद्यावरचा पदर. आधी कुणाकडून तरी एका अ‍ॅपवर नीट करून घेतला होता, ते पण दाखवलं. सुंदर बाई होती त्यात, चेहरा गुळगुळीत, डोळे पाणीदार. मामा म्हणाले, ही चांगली हाय पण आमची आई नव्हं.

मी पण एकदा करून बघितलं, त्यांच्यासमोरच, फक्त कानाच्या जागेला. तीन नमुने आले. मामांनी तिन्ही बघितले आणि त्यांनी माझ्याकडं न बघता स्वतःच्या कानाची पाळी दोन बोटात धरली, म्हणाले, तिचा ह्या बाजूचा कान फाटलेला होता, झुब्याच्या वजनानं, आम्ही लहानपणी त्यात बोट घालायचो. तिन्ही नमुन्यात कान अख्खा होता. टूलला कुठून कळणार, आणि खरं सांगायचं तर मला पण कुठून कळणार होतं. मी तो लेअर डिलीट केला.

मग काम असं केलं. चेहऱ्याला हात नाही, फक्त बुरशीचे ठिपके एकेक करून हिलिंग ब्रशनं काढले, तीन रात्री लागल्या. मागचा स्टुडिओचा रंगवलेला पडदा, त्याच्यावरच्या भेगा, खालची खुर्ची, तिथं जनरेटिव्ह फिल वापरलं आणि तिथं ते उत्तम चाललं, तेवढं मामांना सांगून केलं. कानाची जागा भरली नाही. जुन्या फोटोला असायची तशी ओव्हल करून कडा हळूहळू पांढऱ्यात विरघळवली, गेलेला भाग त्या पांढऱ्यात जातोय.

म्हणून आता माझ्याकडं जुना फोटो आला की मी आधी विचारतो, ह्या माणसाला बघितलेलं कोणी घरात आहे का, त्यांना घेऊन या. पैसे पण मी वेगळे लावतो, मागचं माणूस काढायचे कमी केलेत कारण वेळ वाचतोय, चेहऱ्याच्या हातानं केलेल्या कामाचे वाढवलेत. गिऱ्हाईक कुरकुर करत नाही, समोर बसवून दाखवलं की पटतंय.

मामांना 8 बाय 10 काढून दिला आणि मूळ फाटकी प्रत वेगळ्या पाकिटात घालून परत दिली, ही टाकू नका म्हणलं. आठ दिवसांनी परत आले, अजून एक कॉपी पाहिजे होती, धाकटी बहीण पुण्याला असती तिच्यासाठी, आणि जाताना म्हणाले तिला विचारतो, कान डावाच होता ना.