तिसरी ते पाचवीचं गणित घरी: बालभारती, मॅथ्स मेला की सिंगापूर?

घरी शिकणाऱ्या मुलासाठी पुस्तकं निवडताना बरेच पालक आधी ‘लर्निंग स्टाइल’ची चाचणी भरून घेतात. मूल दृश्य प्रकारातलं निघालं तर व्हिडिओ, श्राव्य निघालं तर पाढ्यांची गाणी, कृतिशील निघालं तर महागडा खेळण्यांचा संच. या वर्गवारीच्या भरवशावर पैसे घालू नका. मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तोवरचं संशोधन तपासलं, तेव्हा शैली ओळखून तसं शिकवलं की मूल जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. मुलामुलांत फरक असतोच. गणितात तो दिसतो वाचनाच्या वेगात, आधी काय पक्कं झालंय यात, आणि एका प्रकारची किती उदाहरणं सोडवल्यावर हात बसतो यात. खालची तिन्ही पुस्तकं याच कसोटीवर पाहिली आहेत.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, भाषा मराठी आणि क्रम स्वच्छ. पाया म्हणून हीच घ्या. दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असंही वाचन आलं आणि त्यावर मोठा वाद झाला, पण घरी शिकवताना ती सोय फार कामाची आहे. ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिणारं मूल निष्काळजी नसतं. त्याला तीन आधी ऐकू येतात, म्हणून ते तीन आधी लिहितं. ‘पन्नास तीन’ म्हणून ५० च्या कार्डावर ३ चं कार्ड ठेवायला लावलं की चूक कुठे होते ते त्यालाच दिसतं. उणीव आहे ती सरावाची. ज्या मुलाला एका प्रकारची वीस उदाहरणं लागतात, त्याला पुस्तकातली कमी पडतात. तेव्हा वही वेगळी करून आकडे बदलून उदाहरणं घालावीत.

दुसरी अडचण अशी की घरी घाई झाली की पुस्तकातली चित्रं नुसती पाहिली जातात आणि दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधायचे राहून जातात. ५२ − २७ घ्या. हातच्याची रीत पाठ केलेलं मूल पुष्कळदा ३५ उत्तर काढतं, कारण ते प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतं. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवा. सात सुट्या काढायला सांगा. काड्या पुरत नाहीत, मग एक गठ्ठा सोडावाच लागतो. बारातून सात गेल्या, पाच उरल्या. चार गठ्ठ्यांतून दोन गेले, दोन उरले. असं सात-आठ वेळा झाल्यावरच वहीत मांडणी करावी. हे ‘कृतिशील’ मुलालाच हवं असं नाही, सगळ्यांनाच हवं.

एनसीईआरटीचं ‘मॅथ्स मेला’ (तिसरी ते पाचवी, हेही पीडीएफमध्ये फुकट) दिसायला सुंदर आणि गप्पा मारत शिकवण्याजोगं आहे. अंदाज बांधणं, आकृतिबंध, वाटणी या गोष्टी त्यात खुलतात. मात्र मजकूर इंग्रजी किंवा हिंदी. मराठीत शिकणारं मूल वाचनात अडखळलं तर गणित कच्चं असल्यासारखं वाटतं. प्रश्न तुम्ही मोठ्यानं मराठीत वाचून दाखवा. मग उत्तर आलं तर अडचण भाषेची होती. आठवड्यातून एकदा पूरक म्हणून हे पुस्तक उत्तम, एकट्यानं पुरणारं नाही.

सिंगापूरची ‘प्रायमरी मॅथेमॅटिक्स’ मालिका वस्तू, मग चित्र, मग चिन्हं या क्रमावर उभी आहे. तिची खरी ताकद बार मॉडेलमध्ये, म्हणजे पट्ट्या काढून शाब्दिक उदाहरण सोडवण्यात आहे. उदाहरणार्थ: रमाकडे समीरपेक्षा १८ गोट्या जास्त आहेत, दोघांकडे मिळून ७४. तर प्रत्येकाकडे किती? ‘जास्त’ शब्द दिसला की मुलं सरळ बेरीज करतात. समीरची एक पट्टी काढा, रमाची तेवढीच आणि पुढे १८ चा तुकडा. तुकडा झाकला की उरतात ५६, दोन सारख्या पट्ट्यांत २८-२८. समीरकडे २८, रमाकडे ४६. शाब्दिक उदाहरण पाहताच हात आखडणाऱ्या मुलांना याचा सर्वांत जास्त उपयोग होतो.

तरीही पूर्ण संच मागवायची घाई नको. दर इयत्तेला ए आणि बी असे दोन भाग, त्यात पाठ्यपुस्तक आणि स्वाध्यायपुस्तिका वेगळी, पालकांची मार्गदर्शिका आणखी वेगळी. बाहेरून मागवलं तर खर्च खूप वाढतो. अमेरिकी आवृत्तीत डॉलर, इंच, पौंड येतात. मोठ्या संख्या सुरू झाल्या की स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर पडतो. लाख लिहायला शिकलेलं मूल १,००,००० आणि १००,००० यांत गोंधळतं. अमेरिकेतल्या मराठी घरांना हीच आवृत्ती सोयीची, महाराष्ट्रात मात्र पट्ट्यांची रीत उचलून ती बालभारतीच्या उदाहरणांना लावावी. मालिका घ्यायचीच असेल तर आधी तिची मोफत प्लेसमेंट टेस्ट सोडवून घ्या. इयत्तेवरून पुस्तक मागवलं तर ते पुष्कळदा चुकीच्या पातळीचं येतं.

खान अकादमीचे व्हिडिओ उजळणीला चांगले आहेत. फक्त व्हिडिओ थांबवून पुढची पायरी मुलाला वहीत करायला लावा, नाहीतर सगळं समजल्यासारखं वाटतं आणि वही कोरीच राहते.

दहावीचा विचार पाचवीतच करून ठेवा. एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या) दहावीसाठी १४ वर्षं पूर्ण लागतात, किमान पाच विषय घ्यावे लागतात आणि नोंदणी पाच वर्षं चालते. राज्य मंडळाची दहावी बाहेरून देण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरायचा असेल, तर अंश, छेद, लसावि, मसावि हे मराठी शब्द आतापासूनच वापरात ठेवा.