पाये-नळीचं गोठवलेलं पाकीट: फसवणूक नेमकी कुठे होते

सूपसाठी घेतलेल्या हाडांत फसलो हे कळतं ते कुकर उघडल्यावर. तोवर वजन, रंग, वास, सगळा पुरावा शिजून गेलेला असतो, आणि विकणारा बिनधास्त म्हणतो, ‘तुम्हीच पाणी जास्त घातलं असेल.’ दुकानात समोर तोडून घेतलेल्या मालात हे कमी होतं. फोनवर मागवलेल्या गोठवलेल्या पाकिटात मात्र भरपूर वाव असतो, कारण ते दगडासारखं घट्ट येतं आणि घाईघाईत तसंच शिजायला पडतं.

पहिली चोरी वजनाची. हाडं धुऊन न निथळता भरली की पाणी पिशवीतच गोठतं आणि मटणाच्या भावाने विकलं जातं. पाकीट आलं की बंद असतानाच काट्यावर ठेवून फोटो काढावा. मग रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, चाळणीखाली पातेलं ठेवून वितळू द्यावं आणि सकाळी निथळलेली हाडं पुन्हा तोलावीत. थोडं लालसर पाणी कोणत्याही गोठवलेल्या मांसातून सुटतंच, त्यावरून भांडायला जाऊ नये. पण २ किलोच्या पाकिटातून भांडंभर जवळजवळ स्वच्छ पाणी निघालं, तर तो वरून घातलेला बर्फ. पाये तर शक्यतो नगावरच घ्यावेत, बाजारात ते चाराच्या हिशेबाने मिळतात. पाये किलोवर विकणाऱ्याला आधी नग किती ते विचारावं.

दुसरी चोरी नावाची. पाकिटावर ‘नळी’ लिहायचं, वर दोन जाड नळ्या दिसतील अशा ठेवायच्या आणि खाली मणका, बरगड्यांचे तुकडे, खांद्याचं चपटं हाड भरायचं. या हाडांना चव असते, पण नळीतला मगज, म्हणजे पोकळीतला मऊ गर, त्यांत नाही आणि सांध्यांएवढा चिकटपणाही नाही. सूप गार झाल्यावर थरथरतं ते कोलॅजनमुळे, आणि ते पाये, गुडघ्याचा सांधा, कूर्चा आणि स्नायुबंध यांत जास्त असतं. म्हणून ऑर्डर देताना ‘सूपची हाडं’ असं मोघम बोलू नये. ‘आठ पाये, चार नळ्या सांध्यासकट, मणका नको’ असं लिहून पाठवावं, म्हणजे नंतर दाखवायला काहीतरी हातात राहतं.

सगळ्यात निर्लज्ज प्रकार म्हणजे एकदा उकळून झालेली हाडं पुन्हा गोठवून विकणं. ही ओळखायला अवघड नाहीत. कच्च्या सांध्यावरची कूर्चा निळसर पांढरी, चकचकीत आणि घट्ट असते. उकळलेल्या हाडावर ती मळकट होते आणि नखाने सुटते. चिकटून राहिलेलं मांस करडं, दोऱ्यासारखं असतं. नळीचं भोक रिकामं, हाड हाताला हलकं. ‘आम्ही फक्त मळी काढायला उकळी दिलीय’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. दहा मिनिटांच्या उकळीने नळी रिकामी होत नाही.

शिळ्या मालाचा प्रश्न श्रावणानंतर आणि नवरात्रानंतर जास्त जपून बघावा. त्या दिवसांत मटणाचा खप पडतो आणि आधी भरलेली पाकिटं फ्रीजरमध्ये पडून राहू शकतात. सवलत दिसली की आधी पॅकिंगची तारीख बघावी. पाकिटाच्या एका कोपऱ्यात लाल बर्फाचा गठ्ठा आणि सगळी हाडं एकमेकांना चिकटलेली असतील, तर माल मध्येच वितळून पुन्हा गोठलाय. ताज्या नळीतला मगज गुलाबी-लालसर असतो, जून जनावराचा पिवळट. करडा, कडेपासून आक्रसलेला मगज परत करावा. पाये पांढरेफटक आणि धुतल्यावरही बोटांना साबणासारखे निसरडे लागले, तर शेवटच्या धुण्याच्या पाण्यात चिमूटभर हळद टाका. पाणी लालसर झालं, तर साफ करताना लावलेला चुना किंवा सोडा अजून शिल्लक आहे.

शेवटची चाचणी पातेल्यात. हाडं थंड पाण्यात बुडवून उकळी आणायची, दहा मिनिटं ठेवायची आणि मसाला काहीही न घालता वास घ्यायचा. आंबूस किंवा जुन्या खवट तेलासारखा वास आला तर तिथेच थांबावं. आलं-लसूण, गरम मसाला टाकून वास झाकला की तक्रारही झाकली जाते. वास ठीक असेल तर पाणी ओतून हाडं धुवावीत, १ किलोला दोन ते अडीच लिटर नवं पाणी घालून मंद आचेवर शिजवावीत.

सूप जमलं नाही एवढ्यावरून मात्र खाटकाला चोर ठरवू नये. नुसत्या नळ्यांच्या सुपावर तुपासारखी चरबी येते, पण ते फारसं घट्ट होत नाही. त्यात पाये हवेतच.

घरची साठवणही नीट हवी, नाहीतर दोष कोणाचा हेच कळत नाही. कच्ची हाडं फ्रीजमध्ये एक-दोन दिवस. त्यापुढे अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या, हवा काढून, तारीख लिहून, उणे १८ अंशांवर तीन-चार महिने. त्याहून जास्त ठेवली तर गोठलेली असतानाही मगजाची चरबी खवट होते. एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात एवढी थंडी सहसा टिकत नाही, तिथे आठवड्याभरात संपवावीत. गावाला जाताना गोठलेल्या पाण्याच्या वाटीवर नाणं ठेवावं. परत आल्यावर ते तळाशी दिसलं तर वीज बराच वेळ गेली होती, पिशव्या टाकून द्याव्यात. तयार सूप उथळ भांड्यात, बर्फाच्या पाण्यावर लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवायचं आणि तीन-चार दिवसांत संपवायचं. रात्रभर ओट्यावर राहिलेलं सूप पुन्हा उकळलं म्हणजे सुरक्षित झालं, असं नाही.

पाकिटावर १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक, निव्वळ वजन आणि पॅकिंगची तारीख नसेल तर ते दारातच परत द्यावं. घेतलंच असेल तर पिशवी फेकू नये. वजनाची तक्रार वैधमापन विभागाकडे, खराब मालाची अन्न व औषध प्रशासनाकडे जाते. पैसे परत मिळत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रारीसोबत बंद पाकिटाचा काट्यावरचा फोटो, निथळल्यानंतरचा दुसरा फोटो आणि ऑर्डरचा मेसेज जोडावा.