ओव्हरफ्लो बॉक्स नऊ महिने वापरला, यू नळीतल्या बुडबुड्यावर नजर ठेवा

रात्री दीडला पाणी प्यायला उठलो आणि पाय ओल्या फरशीवर पडला. माशांचा टँक काठोकाठ भरून मागून गळत होता, खाली संपमधला (स्टँडमधली फिल्टरची टाकी) पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप कोरडा पडून घरघरत होता, आणि मागच्या काळ्या बॉक्समध्ये पाणीच येत नव्हतं. सायफन तुटला होता, म्हणजे टँकमधून बॉक्समध्ये पाणी ओढणाऱ्या यू नळीत हवा भरून ओढणं थांबलं होतं. साधारण पंचवीस लिटर पाणी फरशीवर, स्टँडचं प्लायवूड खालून फुगलेलं, एक्सटेंशन बोर्ड नशिबाने भिंतीवर उंच लावलेला होता म्हणून वाचलो. हा चौथ्या महिन्यातला प्रसंग. त्या रात्री लिहायला बसलो असतो तर एकच वाक्य लिहिलं असतं, घेऊ नका. आता नऊ महिने झालेत आणि माझं मत बरंच बदललंय.

टँक 90 बाय 45 सेंटीमीटरचा, गोड्या पाण्याचा, काच टफन्ड असल्यामुळे पाणी संपमध्ये उतरवायला ड्रिल करणं शक्यच नाही, भोक पाडायला गेलात तर अख्खी काच फुटते. टँक चांगला असताना फक्त संपसाठी नवा घ्यायचा हे मला पटत नव्हतं, म्हणून मागे टांगायचा ओव्हरफ्लो बॉक्स, टँकच्या आत दातेरी बॉक्स, बाहेर दुसरा आणि मधे काठावरून जाणारी एक इंची यू नळी. टँकचं पाणी दात्यांवरून आतल्या बॉक्समध्ये, नळीतून बाहेरच्या बॉक्समध्ये आणि तिथून खाली संपमध्ये.

आधी जे आवडलं ते सांगतो. पाण्यावरचा तवंग दोन दिवसांत गेला, कारण पाणी वरूनच ओढलं जातं. हीटर आणि सगळा फिल्टर मीडिया खाली गेला, टँक मोकळा दिसायला लागला. आणि वीज गेली की काय होईल याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, त्यात बॉक्स एकदाही चुकला नाही. पंप बंद झाला की टँकचं पाणी दात्यांपर्यंत उतरून थांबतं, यू नळीची दोन्ही टोकं दोन्ही बॉक्समधल्या पाण्यात बुडालेलीच राहतात, त्यामुळे सायफन टिकतो आणि वीज आली की आपोआप चालू. फक्त रिटर्नच्या नळीला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली एक छोटं भोक पाडून ठेवा, नाहीतर तीच नळी उलटा सायफन करून टँक संपमध्ये रिकामा करते. ते भोक शेवाळाने बुजतं, दर आठवड्याला टूथपिक घाला. चेक व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) माझा विश्वास नाही, एक कण अडकला की तो बंद होत नाही.

आता बुडबुडा. यू नळीच्या वरच्या वळणात हवा साठते, हळूहळू, मुगाएवढी, मग बोराएवढी, आणि एक दिवस वळण पूर्ण हवेने भरतं की सायफन संपला. पाण्याबरोबर बारीक बुडबुडे ओढले जातात, शिवाय वळणाच्या जागी दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो म्हणून पाण्यात विरघळलेली हवाही तिथे सुटते. म्हणजे हवा येणारच, ती थांबवता येत नाही. प्रश्न एवढाच की पाणी ती हवा पुढे ढकलून नेतं की नाही.

विक्रेत्याला मी सकाळी सकाळी फोन करून बरंच बोललो. त्याने शांतपणे विचारलं, बादली घेऊन फ्लो मोजलाय का. मला वाटलं हा जबाबदारी झटकतोय, रागाने फोन ठेवला, आणि मग दुपारी मोजला. दहा लिटरची बादली भरायला 65 सेकंद! म्हणजे तासाला जेमतेम 550 लिटर. पंपावर 2000 लिहिलंय, पण तो आकडा पाणी वर चढवायच्या आधीचा. आणि बाकीचं माझंच काम, मागच्या बॉक्सचा खळखळाट झोपू देत नव्हता म्हणून मी रिटर्नचा बॉल व्हॉल्व्ह अर्धा बंद करून ठेवला होता आणि पंप चार महिन्यांत एकदाही उघडून धुतला नव्हता. पंप धुतला, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, तीच बादली 30 सेकंदांत भरली, तासाला 1200. एक इंची नळीत पाण्याचा वेग सेकंदाला 31 सेंटीमीटरवरून 68 वर गेला आणि डोळ्यांसमोर तो बुडबुडा तुटून तुटून खाली वाहून गेला. विक्रेत्याला परत फोन करून सांगितलं, तुमचं बरोबर होतं.

म्हणून ज्यांच्या बॉक्सला दोन यू नळ्या येतात आणि सेफ्टी म्हणून दोन्ही लावायचा विचार आहे त्यांनी थांबा, फ्लो अर्धा अर्धा वाटला जातो, वेग निम्मा होतो आणि दोन्हीत हवा साठते. एका नळीत बसतोय तेवढा फ्लो असेल तर एकच लावा.

आवाजाचा इलाज वेगळाच निघाला. मागच्या बॉक्समधला, संपकडे जाणारा उभा पाइप साधारण चार सेंटीमीटर उंच केला, वर टी जोड लावून टोपीला बारीक भोक पाडलं. खळखळाट गेला, आणि पुढच्या बॉक्समधली पातळीही वर आली त्यामुळे दात्यांवरून पाणी कमी उंचीवरून पडतं, बुडबुडेच कमी ओढले जातात. हे बॉक्सबरोबरच्या कागदावर लिहायला हवं होतं, तिथे एक ओळ नाही, हा माझा खरा राग आहे.

यू नळीच्या वर निपल, म्हणजे हवा ओढायचं छोटं तोंड असतं, त्याला छोटा सक्शन पंप लावून हवा सतत ओढत राहायची असाही उपाय आहे. केला. तीन महिन्यांत पंपाचं रबर फाटलं, पंप गुणगुणत होता पण ओढत काहीच नव्हता, आणि निपलच्या सैल जोडातून उलट हवा आत यायला लागली. काढला, निपल पक्का बंद केला. फ्लो नीट असेल तर त्याची गरज नाही असं माझं मत झालंय.

आणि हे सगळं करूनही सायफन कधीतरी तुटेल असं धरूनच हिशोब करा. माझ्या टँकमध्ये एक सेंटीमीटर म्हणजे चार लिटर, काठापर्यंत अडीच सेंटीमीटर जागा, म्हणजे दहा लिटर मावतात. संपच्या रिटर्न कप्प्यात पंपाच्या तोंडाच्या वर पंधरा लिटर होते, ते वर गेले, पाच सांडले. एवढ्यावर थांबलं असतं. पण कप्पा रिकामा दिसला म्हणून ऑटो टॉप-ऑफने (पाणी कमी झालं की आपोआप भरणारा पंप) वीस लिटरचा अख्खा कॅन त्यात ओतला! आता कप्प्यात नऊ लिटरच्या खुणेच्या वर पाणी ठेवत नाही आणि वरच्या टँकमध्ये काठाजवळ एक फ्लोट स्विच लावलाय, पातळी चढली की दोन्ही पंपांची वीज तोडतो. महिन्यातून एकदा वाटीने पाणी ओतून तो चालतोय का बघतो.

देखभाल म्हणाल तर स्पंज आठवड्याला पिळायचा, नळी दोन महिन्यांनी लांब ब्रशने आतून घासायची, आत शेवाळाचा थर आला की फ्लो पडतो आणि परत तीच गोष्ट. व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीची लांब पानं दात्यांना चिकटतात, ती रोज काढावी लागतात. एकदा रॅमशॉर्न गोगलगाय नळीच्या वळणात बसलेली सापडली, तेव्हापासून आतल्या तोंडाला जाळी लावलीय.

नळी मुद्दाम पारदर्शक ठेवलीय, काळा रंग दिला तर शेवाळ येणार नाही असं बरेच जण सुचवतात, पण मग बुडबुडा दिसणार कसा. रोज माशांना खायला घालताना आधी तिकडे बघतो. फुगलेलं प्लायवूड मात्र अजून तसंच आहे, पाण्याने भरलेला टँक उचलल्याशिवाय ते बदलता येत नाही.