आद्यांत्र की शेषांत्र?

बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना लहान आतड्याच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या स्लाइड्सनी मला जेवढं रडवलं, तेवढं कशानेच नाही. आद्यांत्र म्हणजे या आतड्याचा पहिला भाग (ड्युओडेनम), शेषांत्र म्हणजे शेवटचा (इलियम). दोन्हीकडे बोटांसारखे रसांकुर, दोन्हीकडे शोषणाऱ्या उभट पेशी, त्यांच्या टोकाला सूक्ष्मांकुरांची झालर. मग ओळखायचं कशावरून?

आद्यांत्रासाठी रसांकुर सोडा, खाली उतरा. स्नायूंच्या पातळ पट्टीखाली फिकट ग्रंथींचे झुबके दिसतात, त्या ब्रुनर ग्रंथी. जठरातलं आम्ल थेट इथेच येऊन पडतं, ते शमवायला या ग्रंथी अल्कधर्मी श्लेष्म (बुळबुळीत स्राव) सोडतात. आपण शीत-कडी जेवून उठलो की यांची ड्युटी सुरू! लोहाचं शोषणही मुख्यतः इथलंच.

शेषांत्रात या ग्रंथी नसतात. तिथे गडद जांभळ्या लसिकापेशींचे (रोगाशी लढणाऱ्या पेशींचे) गोळे असतात, म्हणजे पेयर पट्टे. स्विस शरीरशास्त्रज्ञ पेयरने 1677 मध्ये त्यांचं वर्णन केलं. श्लेष्म बनवणाऱ्या गॉब्लेट पेशीही इथे जास्त. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात त्या रिकाम्या पांढऱ्या थेंबांसारख्या दिसतात, कारण आतला श्लेष्म रंग नीट धरत नाही. बी-12 आणि पित्तक्षार शोषले जातात ते शेषांत्राच्या शेवटच्या टोकाला.

मला विचाराल तर आद्यांत्र सोपं. शेषांत्राचा छेद नेमका दोन पट्ट्यांच्या मधून गेला, तर हाती धुपाटणं! आणि पॅनेथ पेशींवर विसंबू नका. रसांकुरांच्या बुडाशी असलेल्या खाचांच्या तळाशी बसलेल्या, लालभडक कणांच्या त्या पेशी दोन्हीकडे भेटतात.