उंच बैठकीचे तिरके भांडे: चोखंदळ मांजरासाठी घ्यावे का?

पांढऱ्या चिनी मातीची निमुळती उंच बैठक, तिच्यावर पुढच्या बाजूला झुकलेली उथळ वाटी आणि वाटीच्या खालच्या काठाला आत वळवलेली जाडसर कड, अशी या भांड्याची रचना आहे. पाळीव प्राण्यांच्या वस्तू विकणाऱ्या पुण्यातील एका दुकानात ते साडेसहाशे रुपयांना मिळाले. वाटीचा व्यास सुमारे १४ सेंटीमीटर, खोली जेमतेम ३ सेंटीमीटर, पुढच्या काठाची जमिनीपासूनची उंची १० सेंटीमीटर आणि वजन पाऊण किलोच्या आसपास आहे. घरी आलेल्या एका मावशींनी ते बडीशेपेचे भांडे समजून दिवाणखान्यात मांडावे असे सुचवले होते, यावरून त्याच्या रूपाची कल्पना यावी. खोक्यावर तीन दावे छापलेले आहेत: मांजराच्या मिशांना त्रास होत नाही, मान वाकवावी लागत नसल्याने पचन सुधारते आणि खाण्याबाबत कुरकुर करणारे मांजरही भांडे चाटूनपुसून साफ करते.

ज्या मांजरासाठी हे भांडे आणले त्या ठमीच्या सवयी आधी सांगितल्या पाहिजेत, कारण चोखंदळपणा हा शब्द फारच ढोबळ आहे. कोरड्या खाद्याच्या वाटीत मध्यभागी तळ दिसू लागला की कडेला मूठभर दाणे शिल्लक असले तरी तिच्या लेखी वाटी रिकामी असते, आणि ती भरून मिळेपर्यंत ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ओरडत राहते. उकडलेल्या बांगड्याचा तुकडा ती वाटीत खात नाही. पंजाने बाहेर ओढून फरशीवर खाते. फ्रिजमधून काढून तसेच वाढलेले ओले खाद्य ती केवळ हुंगते आणि भोवतीची फरशी माती लोटल्यासारखी खरवडून निघून जाते. या तीन तक्रारींपैकी भांड्याशी संबंध असलेल्या कोणत्या आणि नसलेल्या कोणत्या, हे वेगळे काढल्याशिवाय कोणत्याही भांड्याची परीक्षा होऊ शकत नाही.

मिशांचा दावा आज सर्वाधिक ऐकू येतो. मांजराच्या मिशांची मुळे साध्या केसांपेक्षा खोल असतात आणि त्यांच्याभोवती मज्जातंतूंचे दाट जाळे असते; त्यामुळे खोल व अरुंद वाटीत तोंड घालताना मिशा सतत काठाला घासल्या तर मांजराला ते नकोसे होत असावे, हा तर्क ऐकायला पटतो. तथापि २०२१ साली एका पशुवैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साधे भांडे आणि मिशांसाठी मुद्दाम पसरट केलेले भांडे यांची तुलना केली असता मांजरांनी खाल्लेल्या अन्नाच्या प्रमाणात किंवा खाण्यास लागलेल्या वेळात लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही भांडी एकाच वेळी समोर ठेवल्यावर मात्र पसरट भांड्याकडे कल असलेली मांजरे अधिक निघाली. आमच्याकडेही चित्र जवळपास असेच आहे. तेच खाद्य जुन्या खोल वाटीत आणि या भांड्यात शेजारी शेजारी ठेवले, जागांची अदलाबदल केली, तरी ठमी बहुतेक वेळा या भांड्याकडे वळते; पण एकटी जुनी वाटीच समोर असेल तर त्यातलेही तितकेच खाते. म्हणजे आवड दिसते, गरज दिसत नाही. दुकानदार जेव्हा मिशांच्या थकव्यावरचा इलाज म्हणून ते विकतो, तेव्हा हा भेद ग्राहकाने ध्यानात ठेवावा.

तिरकेपणाचा उपयोग मात्र खरा आहे, आणि तो पहिल्या तक्रारीवर नेमका लागू पडतो. कोरडे दाणे आपोआप घसरून पुढच्या काठाशी जमा होतात, त्यामुळे मध्यभागी टक्कल पडून कडेला दाणे उरण्याचा प्रकारच होत नाही. ठमीला शेवटपर्यंत एक ढीग दिसत राहतो, आणि ढीग दिसतो तोवर ती खाते. आत वळवलेल्या कडेमुळे जिभेने ढकललेले दाणे बाहेर सांडत नाहीत, हेही काम नीट होते. ओल्या खाद्याची गोष्ट वेगळी आहे. रस्सा असलेले खाद्य वाढले की पातळ भाग खालच्या काठाशी साचतो आणि तुकडे वर कोरडे पडतात. ठमी रस्सा पिऊन टाकते व तुकड्यांना तोंड लावत नाही. अशा खाद्यासाठी वाटी सपाट असलेलीच बरी. बांगड्याबाबत तर या भांड्याने काहीच साधले नाही: तुकडा आता दहा सेंटीमीटर उंचीवरून खाली ओढला जातो, एवढाच बदल. मोठा तुकडा फरशीवर दाबून धरून फाडायचा ही तिची उपजत रीत आहे. मासा काटे काढून कुस्करून दिला की ती गुपचूप वाटीतच खाते.

उंचीमुळे पचन सुधारते, हा दावा निरोगी तरुण मांजराच्या बाबतीत मनावर घेण्याचे कारण नाही, कारण जमिनीलगत वाकून खाणे ही त्याची स्वाभाविक बैठक आहे. सांधेदुखी असलेल्या म्हाताऱ्या मांजराला थोडी उंची सोयीची पडते. पण ओकारीचा त्रास वारंवार होत असेल तर आधी पशुवैद्याला दाखवावे, भांडे नंतर बघावे. उंचीचा जो खरा लाभ आमच्या घराला झाला त्याचा खोक्यावर उल्लेखही नाही, आणि तो लाभ म्हणजे मुंग्यांपासून बचाव. पहिला पाऊस पडून वारुळांत पाणी शिरले की मुंग्यांची रांग स्वयंपाकघरात येते आणि माशाचा किंवा कोंबडीचा वास असलेले मांजराचे भांडे हे तिचे पहिले ठिकाण असते. दाण्यांवर मुंग्या चढल्या की ठमी त्या भांड्याकडे पुन्हा दिवसभर फिरकत नाही, आणि तिच्या चोखंदळपणाचा निम्मा भाग पावसाळ्यात मुंग्यांच्याच नावे लिहावा लागतो.

जुन्या घरांत दूधदुभत्याच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवत. तोच उपाय येथे चालतो. स्टीलच्या मोठ्या ताटलीत बोटभर पाणी घालून मधोमध हे भांडे उभे केले की अन्नापर्यंत जाण्याचा रस्ता बंद होतो. बुटक्या भांड्याचा काठ पाण्याच्या जवळ येतो, त्यामुळे खाताना पाणी अन्नात उडते आणि सांडलेले अन्न पाण्यात पूल तयार करते. या भांड्याची निमुळती बैठक आणि उंच काठ यांमुळे दोन्ही टळते. पाऊण किलो वजनामुळे ते ताटलीत हलतही नाही. बाजारात मुंग्यांसाठी खंदक असलेली प्लॅस्टिकची आणि स्टीलची तयार भांडी मिळतात व ती स्वस्तही असतात, परंतु मी पाहिलेल्या बहुतेकांचा खंदक इतका अरुंद होता की एखादा केस आडवा पडला तरी मुंग्यांना पूल मिळावा.

या पाण्याविषयी काही पथ्ये पाळावी लागतात. मुंग्या बुडाव्यात म्हणून त्यात साबणाचे थेंब टाकण्याची पद्धत आहे, ती मांजराच्या घरात नको, कारण मांजर ते पाणी पिते. ठमी तर स्वतःचे पाण्याचे भांडे सोडून हेच पाणी आवडीने पिते. पाणी रोज बदलावे. साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते, आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे पालिका सांगते ते या ताटलीलाही लागू आहे. भांड्याभोवती मुंग्यांच्या खडूची रेघ तर मुळीच ओढू नये. अशा खडूंत सहसा पायरेथ्रॉइड गटाचे कीटकनाशक असते, आणि या गटातील परमेथ्रिनसारखी द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट निचरा करता येत नसल्याने त्याला विशेष घातक ठरतात. रेघेवर पाय पडला की मांजर तो पाय चाटणारच.

चिनी माती हा या भांड्याचा आणखी एक गुण आहे. प्लॅस्टिकवर नखांचे व दातांचे ओरखडे पडतात, त्यांत चिकट थर आणि जंतू राहतात. काही मांजरांच्या हनुवटीवर उठणाऱ्या काळ्या पुळ्यांचा प्लॅस्टिकच्या भांड्यांशी संबंध जोडला जातो आणि त्या दिसल्या तर पशुवैद्यही भांडे बदलायला सांगतात. शिवाय हे भांडे मायक्रोवेव्हमध्ये चालते. थंड ओल्या खाद्यावरची ठमीची तक्रार भांड्याच्या आकाराने नव्हे, तर खाद्य कोमट करून दिल्याने मिटली. मांजराच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते व त्याच सुमाराचे अन्न त्याला रुचते. मांजराच्या जिभेला गोडाची चव कळत नाही, चवीच्या कलिकाही माणसाच्या तुलनेत फारच थोड्या असतात, त्यामुळे अन्नाचा निवाडा ते मुख्यतः नाकाने करते आणि थंड अन्नाचा वास नाकापर्यंत फारसा पोहोचत नाही. फक्त गरम केल्यावर खाद्य ढवळून बोटाने पाहावे, कारण मायक्रोवेव्ह ते सर्वत्र सारखे तापवत नाही.

एक इशारा आवश्यक आहे. नेहमी खाणाऱ्या मांजराने अचानक अन्न सोडले तर त्याला चोखंदळपणा म्हणून नवे भांडे शोधत बसू नये. दात किंवा हिरड्या दुखणे हे त्याचे नेहमीचे कारण असते, आणि लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, तर दवाखाना गाठावा.

साडेसहाशे रुपयांना हे भांडे घ्यावे का? ज्यांच्या मांजराची तक्रार केवळ खोल वाटीची आहे त्यांनी आधी घरातली पसरट स्टीलची ताटली फडक्यावर ठेवून पाहावी. मिशांपुरता तोच लाभ फुकट मिळतो. कडेचे दाणे सोडणारे मांजर आणि मुंग्यांचे घर, या दोन्ही अडचणी एकत्र असतील तर मात्र मी हेच भांडे सुचवीन. घेताना वाटीची लकाकी बोटाने चाचपावी आणि केसाएवढीही चीर आढळली तर ते नाकारावे. दुकानात याच घडणीचा दीडशे रुपयांनी स्वस्त असा लहान आकार मिळतो, पण त्याची वाटी अवघी १० सेंटीमीटर रुंद आहे आणि बैठक इतकी हलकी की धसमुसळ्या बोक्याच्या एका धक्क्याने ती आडवी होईल.